विषाणू आणि साथीचा रोग : कारणत्वाच्या पुराव्याचा इतिहास (१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या विशेष संदर्भात)

सारांश

साथीचे रोग विषाणूंमुळे होतात हे विधान आज पाठ्यपुस्तकांत सिद्ध सत्य म्हणून येते. परंतु विषाणू हेच कारण आहे हे कोणी, केव्हा व कोणत्या पुराव्याने सिद्ध केले, याची चर्चा अभ्यासक्रमात क्वचितच होते. कोविड-१९ च्या काळात या विधानावर जाहीर संशय घेण्यात आला आणि त्यासाठी इतिहासातीलच काही प्रयोगांचा आधार देण्यात आला. प्रस्तुत शोधनिबंधात १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे कारण शोधण्याचा इतिहास मध्यवर्ती ठेवून, गोवर व माकडताप या दोन रोगांच्या संदर्भात कारणत्वाच्या पुराव्याची मीमांसा केली आहे.

बीजशब्द : विषाणू, कारणत्व, कॉख यांचे निकष, मानमोडी, गोवर, माकडताप.

प्रस्तावना

मराठीतील 'विषाणू' या शब्दात 'विष' दडलेले आहे. लॅटिन भाषेतील 'व्हायरस' या शब्दाचा मूळ अर्थही विष असाच होता. ज्या काळात रोगाचा कारक दिसत नव्हता, वाढवता येत नव्हता आणि मोजताही येत नव्हता, त्या काळाची खूण या दोन्ही शब्दांनी जपली आहे. कारक दिसत नसताना त्याचे अस्तित्व मानावे की नाकारावे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैज्ञानिकांपुढे खरोखरच उभा होता. तो प्रश्न विचारणारे लोक अडाणी नव्हते, हे इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

तथापि प्रश्न विचारणे आणि उत्तर मिळाल्यानंतरही तोच प्रश्न अनुत्तरित असल्याचे सांगणे या दोन भिन्न गोष्टी होत. आजचे संशयवादी प्रामुख्याने चार मुद्दे मांडतात. पहिला, विषाणू कॉख यांच्या निकषांवर उतरत नाहीत. दुसरा, १९१८ मध्ये निरोगी माणसांना इन्फ्लुएन्झाची लागण मुद्दाम करून पाहिली असता ती झाली नाही. तिसरा, प्रयोगशाळेत पेशी मरतात त्या विषाणूमुळे नव्हे, तर प्रयोगाच्या पद्धतीमुळे. चौथा, रोगाचे खरे कारण जंतू नसून शरीराची व समाजाची अवस्था होय. यांपैकी एकही मुद्दा हवेतून आलेला नाही. प्रत्येकामागे काही ऐतिहासिक तथ्य आहे. म्हणूनच या मुद्द्यांचा उपहास करण्यापेक्षा त्यांची ऐतिहासिक तपासणी करणे अधिक उपयुक्त ठरते.

संशोधनाची उद्दिष्टे व पद्धती

१) विषाणू-कारणत्वाच्या संकल्पनेचा ऐतिहासिक विकास अभ्यासणे.
२) १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे कारण शोधण्यातील अपयश व यश यांची मीमांसा करणे.
३) विषाणूचे कारणत्व नाकारणाऱ्या युक्तिवादांची ऐतिहासिक पुराव्याच्या आधारे तपासणी करणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैद्यकीय व ऐतिहासिक साहित्याचा आधार घेतला आहे. विवेचनाची मर्यादा तीन रोगांपुरती आहे.

१. कॉख यांचे निकष व त्यांची मर्यादा

रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये अँथ्रॅक्सचा आणि १८८२ मध्ये क्षयाचा जिवाणू रोगास कारणीभूत असल्याचे दाखविले. १८८४ ते १८९० या काळात त्यांनी व त्यांचे सहकारी फ्रीडरिश लोफ्लर यांनी जे निकष मांडले त्यांचा आशय असा : रोगाच्या प्रत्येक प्रकरणात विशिष्ट सूक्ष्मजीव आढळला पाहिजे, दुसऱ्या रोगात तो केवळ योगायोगाने आढळता कामा नये, आणि शरीराबाहेर शुद्ध स्वरूपात वाढविल्यानंतर त्याने निरोगी प्राण्यात तोच रोग निर्माण केला पाहिजे.

हे निकष म्हणजे जणू अपरिवर्तनीय धर्माज्ञा होत, असा समज पुढे रूढ झाला. वस्तुस्थिती वेगळी आहे. पटकीच्या बाबतीत हे निकष पूर्ण होत नव्हते, कारण प्रयोगशाळेतील प्राण्यांत माणसासारखी पटकी निर्माण करता येत नव्हती. तरीही १८८४ मध्ये कोलकात्यात केलेल्या अभ्यासाच्या आधारे कॉख यांनी पटकीचा जिवाणू हाच कारक असल्याचा निर्णय दिला. १८९० च्या बर्लिन येथील व्याख्यानात, अनेक उघड संसर्गजन्य रोगांचे जिवाणू सापडत नाहीत आणि त्यांचे कारक बहुधा वेगळ्याच वर्गातील असावेत, असे त्यांनी स्वतःच सूचित केले. निकष मांडणाऱ्यालाच त्यांची मर्यादा ठाऊक होती, हा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे.

याच संदर्भात माक्स फॉन पेटेनकोफर यांचा प्रयोग उल्लेखनीय ठरतो. म्युनिकच्या या थोर आरोग्यशास्त्रज्ञाचा असा आग्रह होता की केवळ जंतूने पटकी होत नाही, त्यासाठी भूमी व परिस्थिती अनुकूल असावी लागते. ऑक्टोबर १८९२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी पटकीच्या जिवाणूंचे द्रावण स्वतः प्राशन केले. त्यांना केवळ किरकोळ जुलाब झाले. त्यांच्या मते जंतुवादाचा पाडाव झाला. परंतु जंतू पोटात जाऊनही एखादा माणूस गंभीर आजारी पडत नाही, एवढ्यावरून तो जंतू रोगाचे कारण नाही असे सिद्ध होत नाही. पेटेनकोफर यांच्या धैर्याविषयी आदर बाळगूनही त्यांच्या निष्कर्षातील ही तर्कदृष्ट्या उणीव नोंदवावी लागते. हीच उणीव पुढे १९१८ च्या प्रयोगांच्या अन्वयार्थात पुन्हा दिसते.

२. गाळणीतून पार होणारा कारक

शार्ल शांबरलाँ यांनी १८८४ मध्ये तयार केलेल्या चिनीमातीच्या गाळणीतून जिवाणू पार होत नसत. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की यांना असे आढळले की तंबाखूच्या मोझॅक रोगाने ग्रस्त पानांचा रस या गाळणीतून गाळला तरी त्याची रोगकारक शक्ती टिकून राहते. १८९८ मध्ये डेल्फ्ट येथील मार्टिनुस बायेरिंक यांनी हा प्रयोग स्वतंत्रपणे करून एक निर्णायक पाऊल पुढे टाकले.

गाळलेल्या रसात एखादे निर्जीव विष असेल तर एका रोपातून दुसऱ्या रोपात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेताना ते विरळ होत जाऊन शेवटी निष्प्रभ झाले पाहिजे. प्रत्यक्षात तसे होत नव्हते. अल्पशा रसाने अनेक रोपे आजारी पडत आणि प्रत्येक आजारी रोपाचा रस तितकाच प्रभावी असे. म्हणजेच तो कारक रोपाच्या आत वाढत होता. बायेरिंक यांनी त्यास 'सजीव द्रव संसर्ग' अशा अर्थाचे नाव दिले. त्याच वर्षी लोफ्लर व पॉल फ्रॉश यांनी जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचा कारकही गाळणीतून पार होतो व प्राण्यांत वाढतो, हे दाखविले. १९०१ मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने पीतज्वराविषयी असाच निष्कर्ष काढला.

विषाणू प्रथम दिसला आणि मग त्याच्यावर रोगाचा आरोप ठेवण्यात आला, असा क्रम नव्हता. वाढणारा व संक्रमित होणारा कारक प्रथम परिणामांवरून सिद्ध झाला. त्याचे रूप नंतर उलगडले. वेंडेल स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये तंबाखूच्या मोझॅकचा विषाणू स्फटिकरूपात मिळविला आणि १९३९ मध्ये जर्मनीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचे पहिले चित्र घेण्यात आले.

३. मानमोडीची साथ आणि चुकीचा आरोपी

इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत मात्र या शोधाने वेगळे वळण घेतले. १८८९-९० च्या जागतिक साथीनंतर, १८९२ मध्ये कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर यांनी रुग्णांच्या कफात आढळलेला एक जिवाणू इन्फ्लुएन्झाचा कारक म्हणून घोषित केला. बर्लिनच्या प्रतिष्ठेमुळे हे मत सुमारे पाव शतक मान्य राहिले.

१९१८ मध्ये या मताची कसोटी लागली. मुंबईत १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई हिवतापाहून वेगळ्या तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एक जण गोदीवर नेमणुकीस होता. जूनमधील पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट भयंकर ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. रेल्वेमार्गाने ही साथ देशभर पसरली. महाराष्ट्रात तिला 'मानमोडी' असे नाव पडले. भारतातील मृत्यूंचा सुरुवातीचा सरकारी अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. लोकसंख्याशास्त्रज्ञ मिल्स यांनी १९८६ मध्ये केलेल्या फेरमांडणीनुसार तो १ कोटी ७० लाख ते १ कोटी ८० लाख इतका ठरतो.

जगभरच्या प्रयोगशाळांत फायफर यांचा जिवाणू शोधला जात होता. तो काही रुग्णांत सापडे, अनेकांत सापडत नसे, तर कधी निरोगी माणसांतही सापडे. म्हणजे कॉख यांच्या पहिल्या दोन निकषांवरच तो नापास होत होता. याच सुमारास ट्युनिस येथे शार्ल निकोल व शार्ल लबाई यांनी रुग्णाचा कफ गाळून त्या गाळीव द्रवाने रोग होतो, असा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि त्यांचा प्रयोग अत्यल्प व्यक्तींवर झाला होता. त्यावर पूर्ण विश्वास ठेवणे त्या वेळी शक्य नव्हते आणि आजही केवळ त्या प्रयोगावर निष्कर्ष उभारणे उचित ठरणार नाही.

४. न झालेली लागण : बॉस्टन व सॅन फ्रान्सिस्को

संशयवाद्यांचा सर्वांत प्रभावी आधार म्हणजे १९१८-१९ च्या हिवाळ्यात अमेरिकन नौदल व सार्वजनिक आरोग्य सेवेने बॉस्टन आणि सॅन फ्रान्सिस्को येथे केलेले प्रयोग. बॉस्टनमधील प्रयोगांचे नेतृत्व मिल्टन रोझनाऊ यांच्याकडे होते. तरुण नौसैनिक स्वयंसेवकांच्या नाकात, घशात व डोळ्यांत फायफर यांचे जिवाणू सोडण्यात आले. रुग्णांचे स्राव गाळून व न गाळताही देण्यात आले. रुग्णांचे रक्त टोचण्यात आले. रुग्णांना स्वयंसेवकांच्या तोंडासमोर खोकण्यास सांगण्यात आले. बॉस्टनच्या पहिल्या प्रयोगमालिकेत कोणासही स्पष्ट इन्फ्लुएन्झा झाला नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा निष्कर्षही तसाच आला.

हे प्रयोग खरे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष दडविण्याचे कारण नाही. रोझनाऊ यांनी ते तत्काळ १९१९ मध्ये प्रसिद्ध केले आणि या रोगाविषयी आपल्याला वाटत होते त्याहून कमी ठाऊक आहे, अशा आशयाची प्रांजळ नोंद केली. प्रश्न एवढाच की त्यांतून काय सिद्ध होते?

बॉस्टनमधील स्वयंसेवकांपैकी अनेकांना साथीत आधीच संसर्ग झालेला असण्याची शक्यता होती आणि ते तपासण्याची रक्तचाचणी त्या वेळी अस्तित्वात नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोतील स्वयंसेवक बाहेरच्या संपर्कापासून दूर ठेवलेल्या तळावरचे होते. त्यामुळे केवळ पूर्वप्रतिकारशक्तीने सर्व उलगडा होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. दाता रुग्ण आजाराच्या कोणत्या अवस्थेत होता व त्याच्या स्रावात त्या वेळी कारक शिल्लक होता का, हे जाणण्याचे साधन कोणाकडेच नव्हते. दिलेली मात्रा शून्य होती की पुरेशी, हेच ज्या प्रयोगात ठाऊक नाही, तो प्रयोग कारकाच्या अभावाचा पुरावा ठरू शकत नाही.

मात्रा मोजता आल्यानंतर काय घडते, हे ब्रिटनमध्ये २०२१ साली झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोविड-१९ च्या मानवी प्रयोगातून दिसले. पूर्वी संसर्ग न झालेल्या व लस न घेतलेल्या १८ ते ३० वयोगटातील ३६ स्वयंसेवकांच्या नाकात विषाणूची मोजलेली अल्प मात्रा सोडण्यात आली. आधीच प्रतिपिंडे असल्याचे नंतर लक्षात आल्याने दोघांना विश्लेषणातून वगळल्यावर उरलेल्या ३४ पैकी १८ जणांना संसर्ग झाला, १६ जणांना झाला नाही. ज्यांना संसर्ग झाला त्यांच्या नाका-घशात विषाणूची संख्या दिवसेंदिवस वाढताना मोजली गेली. म्हणजे विषाणू कारण आहे आणि तरीही जवळजवळ निम्म्या लोकांना त्याची लागण होत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य असू शकतात. बॉस्टनच्या प्रयोगाचा योग्य अर्थ लावण्यासाठी ही तुलना मोलाची ठरते.

याउलट, बॉस्टनच्या प्रयोगात फायफर यांच्या शुद्ध जिवाणूंची भरपूर मात्रा देऊनही रोग झाला नाही, हा निष्कर्ष जिवाणूच्या दाव्याला बाधक होता, कारण तेथे काय दिले आहे हे निश्चित ठाऊक होते. एकाच प्रयोगाचे दोन भाग वेगवेगळ्या वजनाचे पुरावे देतात, हे येथे स्पष्ट होते.

५. १९३३ : कारकाची निश्चिती

अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी १९३१ मध्ये डुकरांच्या इन्फ्लुएन्झाचा कारक गाळणीतून पार होतो, हे दाखविले. लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेतील विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ यांनी १९३३ मध्ये इन्फ्लुएन्झा झालेल्या माणसांच्या घशातील गाळलेले स्राव फेरेट या लहान मांसाहारी प्राण्याच्या नाकात सोडले. फेरेट दोन दिवसांत तापाने व सर्दीने आजारी पडले. आजारी फेरेटजवळ ठेवलेले निरोगी फेरेटही आजारी पडले. बरे झालेले फेरेट पुन्हा आजारी पडेनात. रोगातून उठलेल्या माणसांच्या रक्तद्रवाने हा कारक निष्प्रभ होत असे. शेवटची कसोटी विशेष महत्त्वाची आहे, कारण प्राण्यातील कारक आणि माणसाचा रोग यांचा संबंध तीतून जोडला गेला.

१९३६ मध्ये या साखळीचा उरलेला दुवाही अनपेक्षितपणे मिळाला. संशोधक चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस यांच्या तोंडासमोर एक आजारी फेरेट शिंकला. त्यानंतर त्यांना इन्फ्लुएन्झा झाला आणि त्यांच्या घशातून विषाणू पुन्हा मिळविण्यात आला. स्मिथ व स्टुअर्ट-हॅरिस यांनी ही घटना त्याच वर्षी प्रसिद्ध केली. त्याच वर्षाच्या अखेरीस थॉमस रिव्हर्स यांनी विषाणूंच्या संदर्भात कॉख यांच्या निकषांची फेरमांडणी केली. विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढत नाहीत, म्हणून निर्जीव माध्यमातील शुद्ध संवर्धनाची अट त्यांना लावता येत नाही. मात्र रोगाशी नियमित साहचर्य, संक्रमण आणि प्रतिपिंडांचा पुरावा या अटी अधिक काटेकोरपणे लावाव्यात, अशी त्यांची भूमिका होती. निकष सैल करण्यात आले हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. एक अट वस्तूच्या स्वरूपामुळे गळाली आणि तिच्या जागी दुसरी आली.

१९१८ च्या साथीचा कारक मात्र १९३३ मध्येही हाती नव्हता. त्याचा माग दोन मार्गांनी लागला. पहिला मार्ग रक्ताचा होता. १९३० च्या दशकातच असे दिसून आले की डुकरांच्या इन्फ्लुएन्झा विषाणूस निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे प्रौढांच्या रक्तात सर्रास आढळतात, परंतु १९१८ नंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेल्या बालकांत सहसा आढळत नाहीत. दुसरा मार्ग जतन केलेल्या ऊतींचा होता. अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या वस्तीत नोव्हेंबर १९१८ मध्ये सुमारे ८० पैकी ७२ जण मृत्यू पावले होते व त्यांना गोठलेल्या जमिनीत पुरण्यात आले होते. योहान हुल्टिन यांनी १९५१ मध्ये तेथून विषाणू वाढविण्याचा केलेला प्रयत्न फसला. १९९७ मध्ये ते पुन्हा तेथे गेले आणि मिळालेल्या फुप्फुसाच्या ऊतीवरून, तसेच मृत सैनिकांच्या जतन केलेल्या नमुन्यांवरून जेफ्री टाउबेनबर्गर यांच्या गटाने विषाणूचा संपूर्ण जनुकक्रम वाचला. २००५ मध्ये टेरेन्स टम्पी व सहकाऱ्यांनी त्या जनुकक्रमावरून विषाणूची अतिसुरक्षित प्रयोगशाळेत पुनर्रचना केली. या विषाणूने उंदीर थोड्याच दिवसांत दगावले. तुलनेसाठी वापरलेल्या अलीकडच्या मानवी विषाणूने तसे झाले नाही.

२००८ मध्ये यास आणखी एक पुष्टी मिळाली. १९१८ ची साथ अनुभवलेल्या ९१ ते १०१ वर्षे वयाच्या ३२ व्यक्तींच्या रक्ताची तपासणी केली असता, सर्वांच्या रक्तात हा पुनर्रचित विषाणू निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली. नव्वद वर्षांपूर्वीच्या घटनेची साक्ष जिवंत शरीरांनी दिली. इतिहासाच्या अभ्यासकास कागदपत्रांपलीकडील असा पुरावा क्वचितच उपलब्ध होतो.

६. गोवर : पेशीनाशाचा प्रश्न

तिसरा आक्षेप प्रयोगशाळेतील पेशींविषयीचा आहे. जॉन एंडर्स व थॉमस पीबल्स यांनी १९५४ मध्ये गोवराच्या रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू पेशीसंवर्धनात वाढविला. नमुना न घातलेल्या माकडाच्या मूत्रपिंडपेशींतही काही वेळा गोवरासारखेच बदल दिसतात, हे त्यांनी आपल्या निबंधातच नमूद केले. संशयवादी हीच नोंद उद्धृत करतात. परंतु त्याच निबंधातील पुढचे पाऊल ते वगळतात. एंडर्स व पीबल्स यांनी केवळ पेशी मरतात एवढ्यावर विसंबून निष्कर्ष काढला नाही. गोवरातून बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तद्रवाने हा कारक निष्प्रभ होतो, तर आजाराच्या आरंभी घेतलेल्या रक्तद्रवाने होत नाही, ही चाचणी त्यांनी केली. पेशींची भेसळ हे कारण असते तर रुग्ण बरा होण्याने रक्तद्रवात असा फरक पडण्याचे कारण नव्हते.

हा वाद जर्मनीत न्यायालयापर्यंत गेला. जीवशास्त्रज्ञ स्टेफान लांका यांनी २०११ मध्ये गोवर-विषाणूचे अस्तित्व सिद्ध करणाऱ्या प्रकाशनासाठी एक लाख युरोंचे बक्षीस जाहीर केले. एका तरुण डॉक्टराने सहा शोधनिबंध सादर केले. २०१५ मध्ये राव्हेन्सबुर्गच्या न्यायालयाने डॉक्टराच्या बाजूने निकाल दिला. २०१६ मध्ये श्टुटगार्टच्या वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला. त्याचे कारण असे की बक्षिसाच्या अटीनुसार पुरावा एकाच प्रकाशनात असणे आवश्यक होते. विषाणू अस्तित्वात नाही असा निर्णय न्यायालयाने दिला नाही. उलट, सहा निबंध एकत्रितपणे विषाणूचे अस्तित्व सिद्ध करतात, असे न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाचे मत होते. तरीही 'न्यायालयाने विषाणू नाकारला' अशी वार्ता जगभर पसरली. वैज्ञानिक पुरावा एकाच कागदावर नसतो. तो अनेक हातांनी, अनेक वर्षांत विणला जातो. ऐतिहासिक पुराव्याविषयी आपण वर्गात जे शिकवितो तेच येथेही लागू होते.

७. माकडताप : पुण्यातील शोध

१९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्याच्या जंगलात माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि त्याच परिसरातील गावकऱ्यांना तीव्र ताप येऊ लागला. १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा तपास केला. आरंभी पीतज्वराची शंका आली होती. परंतु मृत माकडे, आजारी माणसे आणि जंगलातील गोचिडी या तिन्हींतून एकच नवा विषाणू मिळाला. त्याला क्यासनूर जंगलाचे नाव देण्यात आले. पुढे प्रयोगशाळेत या विषाणूवर काम करणाऱ्या काही कर्मचाऱ्यांनाही तोच आजार झाला. जंगलापासून शेकडो मैल दूर, माकड वा गोचीड यांचा जंगलाशी संबंध नसताना झालेला हा आजार कारणत्वाचा ठळक पुरावा होता.

हा रोग दूरचा राहिलेला नाही. २०१५ नंतर गोव्यातील सत्तरी आणि २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात तो आढळला आणि तेथे 'माकडताप' या नावानेच ओळखला जाऊ लागला. येथे एक भेद नोंदविणे आवश्यक आहे. माकडताप विषाणूजन्य आहे, परंतु तो सामान्यतः माणसाकडून माणसाकडे जात नाही. गोचिडीच्या चाव्यातून होतो. विषाणूमुळे होणे आणि माणसाकडून माणसाला लागणे या दोन भिन्न बाबी असून त्यांचा घोटाळा झाल्यास उपायही चुकतात. काजूच्या बागेत राबणाऱ्या मजुराला मुखपट्टीपेक्षा गोचिडीपासून संरक्षणाची गरज अधिक असते.

८. कारण एक, मृत्यू विषम

चौथ्या आक्षेपात मात्र सत्याचा मोठा अंश आहे. १९१८ मध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झाचा मृत्युदर युरोपीय लोकांत दरहजारी ८.३ होता, तर त्या वेळच्या सरकारी वर्गीकरणात 'निम्न जातीय हिंदू' म्हणून नोंदल्या गेलेल्या समाजांत तो ६१.६ होता. विषाणू एकच होता. मात्र चाळीतील दाटी, त्या वर्षी पाऊस न झाल्याने आलेली धान्याची महागाई, कुपोषण आणि शुश्रूषेचा अभाव यांनी मृत्यूचे वाटप ठरविले. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी परिसरात गोवराची साथ आली, तेव्हाही दाट वस्ती व अपुरे लसीकरण हेच चित्र होते.

परंतु यावरून विषाणू कारण नाही असे म्हणणे म्हणजे ठिणगी आणि गवत यांत निवड करण्यासारखे आहे. विषाणू आवश्यक कारण असते. ते प्रत्येक वेळी पुरेसे असतेच असे नाही. सामाजिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्याने विषाणू नाकारण्याची गरज नाही. किंबहुना कारक एकच असूनही मृत्यू आठपट-सातपट का, हा प्रश्न विषाणू मान्य केल्यावरच अधिक धारदार होतो.

९. नकाराची किंमत

हा वाद केवळ बौद्धिक नाही. १९८३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी एड्सच्या रुग्णातून विषाणू मिळविला. १९८७ पासून पीटर ड्युसबर्ग यांनी तो विषाणू एड्सचे कारण नसल्याचे प्रतिपादन केले. दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी या मताला महत्त्व दिले आणि २००० मध्ये नेमलेल्या सल्लागार मंडळात या मताच्या समर्थकांना स्थान मिळाले. विषाणूरोधक औषधांचा सार्वत्रिक वापर लांबला. हार्वर्डमधील संशोधकांच्या २००८ च्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात या विलंबामुळे ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले आणि सुमारे ३५,००० बालके टाळता येण्याजोग्या संसर्गासह जन्मली. कारणाविषयीचा चुकीचा सिद्धांत जेव्हा शासनाचे धोरण बनतो तेव्हा त्याची किंमत सिद्धांत मांडणारा देत नाही.

याच्या विरुद्ध बाजूस दोन यशस्वी उदाहरणे आहेत. देवीचे निर्मूलन झाल्याचे १९८० मध्ये आणि जनावरांच्या बुळकांडीचे निर्मूलन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. दोन्ही रोगांत विषाणूचा प्रसार लसीकरणाने व शोधमोहिमेने तोडण्यात आला. दारिद्र्य, दाटी व कुपोषण त्या काळात संपलेले नव्हते. तरी रोग संपला. कारण दूर केल्यावर परिणाम नाहीसा होणे, हा कारणत्वाचा सर्वांत मोठा पुरावा मानावा लागेल.

निष्कर्ष

१) विषाणूचे कारणत्व एखाद्या एकाच प्रयोगाने सिद्ध झालेले नाही. गाळणी, संक्रमण, प्रतिपिंडे, जनुकक्रम, पुनर्रचना आणि निर्मूलन अशा परस्परांपासून स्वतंत्र पुराव्यांच्या एकवाक्यतेतून ते सिद्ध झाले आहे.

२) कॉख यांचे निकष हे त्यांच्या काळातील साधन होते. त्यांच्या मर्यादा स्वतः कॉख यांनाही ज्ञात होत्या.

३) १९१८-१९ च्या बॉस्टन व सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगांनी जिवाणूविषयीचा दावा कमकुवत केला. विषाणूच्या अभावाचा पुरावा मात्र त्यांतून मिळत नाही.

४) फायफर यांच्या जिवाणूचा दावा प्रस्थापित वैज्ञानिकांनीच तपासून बाजूला सारला. संशयास विज्ञानात स्थान आहे. परंतु त्या संशयाने पुढील कसोटीचा निकाल स्वीकारण्याची तयारी ठेवली पाहिजे.

५) साथीतील मृत्यूंच्या विषमतेचे स्पष्टीकरण सामाजिक परिस्थितीत शोधावे लागते. हा शोध विषाणू-कारणत्वास पूरक आहे, विरोधी नाही.

समारोप

कोविड-१९ च्या साथीत मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने भारतातील रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा केला आणि त्याच संस्थेने पुरविलेल्या विषाणूच्या वाणापासून पुढे स्वदेशी लस तयार झाली. तरीही 'विषाणू कोणी पाहिला?' हा प्रश्न विद्यार्थी वर्गात विचारतात. या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी केवळ सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची नाही. पुरावा कसा तोलावा, एखादा अपयशी प्रयोग नेमके काय सांगतो व काय सांगत नाही, उद्धरणातून कोणते वाक्य वगळले आहे हे कसे ओळखावे, हे इतिहास विषयाचेही कार्यक्षेत्र आहे. पदवी अभ्यासक्रमात मानमोडीच्या साथीचा समावेश झाल्यास इतिहास, अर्थशास्त्र व जीवशास्त्र या तीन विभागांना एकत्रितपणे अध्यापन करता येईल, अशी शिफारस येथे करावीशी वाटते.